बिजलीला हाडं कुणी घातली

"कोंबडीची हाडं कुणी घातली हिला?"

डॉक्टर तांबोळींनी एक्स-रेची फिल्म खिडकीच्या उजेडात धरली होती. खाली टेबलावर बिजली आडवी पडली होती, जीभ बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. फिल्मवर तिच्या पोटाच्या जागी पांढऱ्या बारीक काड्यांचा ढीग दिसत होता. त्यातली एक काडी बाकीच्यांपासून सुटून आडवी बसली होती. डॉक्टरांनी तिच्यावर बोट ठेवलं होतं.

खोलीत आम्ही तिघं होतो. माझे सासरे बिजलीच्या मानेवर हात ठेवून उभे होते. माझा नवरा सुहास दाराशी होता आणि मी त्याच्यामागं. आता बोलावं लागणार, असं मनाशी म्हणत मी तोंड उघडलं.

"मी घातली," सासरे म्हणाले.

डॉक्टरांनी फिल्म खाली केली. "काका, तुम्ही?"

"काल तासगावला जावळाला गेलो होतो. तिथनं येताना बांधून आणली. म्हटलं, एक दिवस काय होतंय."

डॉक्टरांचा आवाज चढला. "मी कॉलेजात असताना सुट्टीत तुमच्याकडं येऊन बसायचो. शिजवलेलं हाड कुत्र्याच्या तोंडाला लावायचं नाही, हे मला पुस्तकाच्या आधी तुम्ही सांगितलं. शिजलं की हाड काचेसारखं फुटतं, असं तुम्हीच म्हणायचा. आणि तुम्हीच?"

"चूक झाली."

"ही आडवी बसलेली बघितलीत? हिनं आतडं टोचलं असेल तर काय होतं, तुम्हाला मी सांगायला नको."

"नको," सासरे म्हणाले आणि मान खाली घातली.

मी त्या माणसाला मान खाली घातलेलं त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

आमच्या सांगलीकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मामांचं नाव भीमराव खराडे. एकोणीस वर्षं ते पोलिसांच्या श्वानपथकात होते. तीन कुत्री त्यांनी हाताखाली तयार केली होती आणि निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी पथकात नवीन भरती झालेली माणसं त्यांच्याकडं शिकायला येत. जिल्ह्यात कुणाचं कुत्रं जेवेनासं झालं की लोक आधी खराडे हवालदारांना विचारत, मग डॉक्टरांकडं जात. अशा माणसानं आपल्या कुत्रीला शिजलेल्या कोंबडीची हाडं घातली, यावर डॉक्टरांचा विश्वास बसत नव्हता, आणि तो बसायला नकोच होता. कारण हाडं मामांनी घातली नव्हती. मी घातली होती.

ही गोष्ट बावीस वर्षांपूर्वीची. तेव्हा माझ्या लग्नाला पाच महिने झाले होते. मी जतची, लिंगायत घरातली. आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी अंडंसुद्धा आणलेलं नाही. सुहासशी मी माझ्या पसंतीनं लग्न केलं, दोन्हीकडच्यांनी आधी तोंडं फिरवली आणि मग हळूहळू वळवली. आत्या मला टाकून बोलत नव्हत्या. माझ्यासाठी त्यांनी वेगळी पातेली, वेगळा पोळपाट ठेवला होता. पण त्या वेगळ्या पातेल्यांमुळंच की काय, मी त्या घरात पाहुणीसारखी वावरत होते.

आणि बिजली मला जवळ येऊ देत नव्हती. ती अल्सेशियन आणि गावठी अशी मिसळलेली, उभ्या कानांची, तीन वर्षांची कुत्री. मागच्या अंगणात पेरूच्या झाडाखाली तिची जागा होती. मी कपडे वाळत घालायला मागं गेले की भुंकायची, मी परत दार लावेपर्यंत भुंकत राहायची. मला कुत्र्यांची भीती होतीच, ती आणखी वाढली. आत्या म्हणायच्या, "हिला अजून तू घरातली वाटत नाहीस." त्या सहज म्हणायच्या. माझ्या मनाला ते लागायचं.

त्या रविवारी सुहासची बहीण आणि तिच्या घरची माणसं जेवायला होती. कोंबडीचा बेत होता. मामा त्यांच्या जुन्या सोबत्याच्या नातवाच्या जावळाला सकाळीच तासगावला गेले होते, ते दिवे लागायच्या सुमाराला परतले. जेवणं झाली, सुहास पाहुण्यांना सोडायला स्टँडवर गेला, आत्यांची कंबर धरली म्हणून त्या आडव्या झाल्या. उष्टी ताटं घासायला मी मागच्या अंगणात बसले. नाकाला पदर बांधला होता. कुणी सांगितलं नव्हतं, पण मला वाटलं, आज हे केलं तर मी या घरातली होईन.

ताटांतली हाडं एका परातीत गोळा झाली. समोर बिजली उभी होती आणि पहिल्यांदाच भुंकत नव्हती. परातीकडं बघत होती, मग माझ्याकडं. कुत्रं हाडं खातं, एवढंच मला ठाऊक होतं. लहानपणी अंकलिपीतल्या चित्रातही कुत्र्याच्या तोंडात हाडच होतं. मी परात लांबून पुढं सरकवली. तिनं कडाकडा चावून सगळं संपवलं, अगदी दोन मिनिटांत. आणि मग पुढं येऊन माझा हात चाटला.

मी किती वेळ तिथं बसून राहिले, मला आठवत नाही. तिच्या कपाळावर हात फिरवला. तिनं शेपटी हलवली. मला रडू आलं, इतका आनंद झाला होता. कुणाला सांगितलं मात्र नाही. वाटलं, उद्या सगळ्यांसमोर तिच्याजवळ जाईन आणि मग बघतील.

सोमवारी सकाळी बिजली उठली नाही. पाठीची कमान करून कुंथत होती, आणि खाली रक्ताचे दोन थेंब पडले होते. तिनं ओकून टाकलं होतं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत होते. मामा उकिडवे बसून त्या ओकारीत काडीनं काहीतरी शोधत होते. मग त्यांनी ते सगळं वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि कुणी बघायच्या आत स्वतः नेऊन टाकलं.

"मिठाचं पाणी पाजा," आत्या म्हणाल्या. "पोटातलं पडून जाईल."

"नाही. टोकदार काही असलं तर वर येताना गळा फाडतं," मामा म्हणाले. "सुहास, रिक्षा बोलव."

माझ्या हातातलं उलथनं खाली पडलं. टोकदार म्हणजे काय, ते मला त्या क्षणी कळलं.

अशा रीतीनं आम्ही दवाखान्यात आलो होतो. तांबोळी डॉक्टरांकडं तेव्हा एक्स-रेचं यंत्र नव्हतं. माणसांच्या एक्स-रेवाल्या ओळखीच्या डॉक्टरांकडून त्यांनी ती फिल्म काढून आणली होती.

"बरीचशी हाडं खाली आतड्याच्या टोकाशी आलीत," ते सुहासला समजावत होते. "भूल देऊन, एनिमा देऊन ती काढतो. आडवी आहे तिचं सांगता येत नाही. ती सुटून आली तर बरं. नाहीतर पोट उघडावं लागेल. संध्याकाळी पाचपर्यंत कळेल."

बाहेर आल्यावर सुहास मामांना म्हणाला, "अण्णा, तुम्हीसुद्धा कमाल केलीत." रागापेक्षा आश्चर्यच जास्त होतं त्याच्या बोलण्यात. कारखान्यात दुसरी पाळी होती, तो गेला. दवाखान्याबाहेरच्या बाकावर मी आणि मामा राहिलो. शेजारी एक बाई कोंबड्यांची पाटी घेऊन बसली होती आणि एक शेतकरी म्हशीच्या औषधाची चिठ्ठी पुन्हा पुन्हा वाचत होता.

मी म्हटलं, "मामा, रविवारी..."

"सकाळपासनं पाणीतरी पिलीस का?"

"मामा, ती हाडं मी..."

"गिरिजा." त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. समोरच्या रस्त्याकडं बघतच बोलले. "मी डॉक्टरला आणि सुहासला एक सांगून बसलोय. आता तू दुसरं सांगितलंस तर मी खोटा पडतो. इतकी वर्षं खाकीत काढली, कुणी मला खोटारडा म्हटलेलं नाही. ते आता तू करणार काय?"

"पण तुम्ही असं का सांगितलंत?"

"ती जगली तर कळेल तुला. नाही जगली, तर सांगून काय उपयोग."

दुपारी त्यांनी समोरच्या गाड्यावरून दोन केळी आणली, एक माझ्या हातात ठेवलं. मी ते तसंच धरून बसले. आतून मधूनच बिजलीचं कण्हणं ऐकू यायचं, आणि मामांचा उजवा हात मांडीवर उघडमीट व्हायचा. त्यांचं कुत्रं आत मरणाच्या दारात होतं, ते माझ्यामुळं होतं, हे त्यांना माहीत होतं, आणि ते मला केळं खायला सांगत होते.

पावणेपाचला डॉक्टर बाहेर आले. हातमोजे अजून हातात होते. "आली," ते म्हणाले. "आडवी होती तीच शेवटी आली. आतड्याला ओरखडे आहेत, पण भोक नाही. तीन दिवस इथं राहू दे, सलाईन लागेल. मग आठवडाभर मऊ भात आणि ताक. आणि काका, हात जोडतो, परत नाही."

"परत नाही," मामा म्हणाले.

मी बाकावरच बसून राहिले.

बिजली गुरुवारी घरी आली. भात कालवून तिच्यापुढं ठेवायचं काम मामांनी मला दिलं. "मी सांगतो तसं कर, मी इथंच उभा आहे," एवढंच म्हणाले. ती मला बघून भुंकली नाही. तिच्या अंगात भुंकायची ताकदच नव्हती. तिनं माझ्या हातातून भात खाल्ला.

त्यानंतरच्या दुसऱ्या रविवारी, ती पूर्ण बरी झाल्यावर, मामा मला म्हणाले, "पिशवी घे, चल माझ्याबरोबर." ते मला गल्लीच्या टोकाला मटणाच्या दुकानापाशी घेऊन गेले. मी लांबच थांबले.

"आत येऊ नकोस, वास येतो तुला. तिथनं बघ फक्त." मग दुकानदाराला म्हणाले, "सांध्याचं हाड दे, कच्चं, मोठं. तिच्या जबड्यात अख्खं मावलं नाही पाहिजे. नळी नको."

"नळी का नको?" मी लांबूनच विचारलं.

"फार टणक असती. दात तुटतो. सांधा मऊ असतो, खरवडून खाता येतो." त्यांनी कागदात गुंडाळलेलं हाड पिशवीत टाकलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. "कच्चं हाड चिवट असतं, झिजतं. शिजवलं की फुटतं, त्याला टोकं येतात. रश्श्यातलं नाही, भाजलेलं नाही, आणि कोंबडीचं तर कुठलंच नाही, पोकळ असतं ते. एवढं ध्यानात राहिलं तरी पुष्कळ झालं."

"तुम्ही म्हणाला होता, ती जगली तर कळेल."

"मग हे काय चाललंय?" ते म्हणाले आणि पुढं चालायला लागले.

घरी त्यांनी बिजलीला आधी पोटभर जेवायला घालायला लावलं. भुकेलं कुत्रं हाड चघळत नाही, गिळतं, म्हणून. मग मी हाड तिच्यापुढं ठेवलं आणि आम्ही दोघं तिथंच खाली बसलो. "कच्चं असलं तरी धोका संपत नाही," ते म्हणाले. "म्हणून उठून जायचं नाही. ती खाते तोवर आपण इथं." वीस मिनिटांनी म्हणाले, "आता काढून घे."

"मी?"

"ओढायचं नाही. बदल्यात दुसरं काहीतरी दे."

मी भाकरीचा तुकडा पुढं केला. बिजलीनं हाड सोडलं. ते मी चिमटीत धरून पिशवीत टाकलं, कारण लहान तुकडा राहिला की गिळतात आणि अडकतो. मग साबणानं दोनदा हात धुतले, फरशी धुतली. अंगावर शहारे येत होते. पण मी ते केलं. पुढं कित्येक रविवार आम्ही तसे बसलो. मामा बोलायचे ते फक्त कुत्र्यांबद्दल. कान मागं गेले म्हणजे काय, नुसतं ओठ चाटते तेव्हा काय म्हणते, पोट धरलं तर हात कुठं लावून बघायचा. सहा महिन्यांत बिजली माझ्या पायाशी झोपायला लागली.

एक गोष्ट मात्र मला सोसत नव्हती. सांगलीसारख्या गावात बातमी राहत नाही. तांबोळी डॉक्टरांनी ती कुठंतरी काळजीनं सांगितली असेल, पथकात पोचेपर्यंत तिचा विनोद झाला. शिकवायला मामा अजूनही अधूनमधून पथकात जात; एकदा मी त्यांचा डबा द्यायला तिथल्या आवारात गेले होते. ते नव्या पोरांना काहीतरी समजावत होते. त्यातला एक जण म्हणाला, "काका, आज तासगावहून काय बांधून आणलंय?" सगळे हसले. मामाही हसले. मग पुन्हा समजवायला लागले, पण पोरांचं लक्ष राहिलं नव्हतं. नंतर नंतर ते पथकात जाईनासे झाले. विचारलं तर म्हणायचे, उन्हाचं होत नाही.

मी दोनदा सुहासला खरं सांगायला गेले. दोन्ही वेळा मामांचा शब्द आठवला, आणि मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला तो शब्द सोयीचाही होता.

त्या सोमवारनंतर दीड वर्षानं मामा गेले. हृदयविकाराचा झटका आला, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही. बिजली चार दिवस जेवली नाही. पाचव्या दिवशी माझ्या हातून तिनं दोन घास घेतले.

वर्षश्राद्धाला पथकातली जुनी माणसं आली होती. जेवणं उरकून सगळे पुढच्या खोलीत बसले होते. जाधव म्हणून मामांचे सोबती होते, त्यांनी मामांच्या कितीतरी आठवणी सांगितल्या. चोराच्या मागावर उसात काढलेली दुपार, ट्रेनिंगला नको म्हणणारं कुत्रं. सगळे रमून ऐकत होते. शेवटी जाधव हसत म्हणाले, "एवढा जाणता माणूस, पण म्हातारपणी घसरलाच की. आपल्याच कुत्रीला कोंबडीची हाडं घातली. आम्ही किती चिडवलं त्याला."

हसू खोलीभर पसरलं. प्रेमाचंच हसू होतं ते. मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते.

"ती हाडं मामांनी घातली नव्हती," मी म्हटलं. "मी घातली होती."

हसू थांबलं. सुहास माझ्याकडं बघायला लागला. मी ट्रे खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. परात, पेरूचं झाड, तिनं चाटलेला हात, डॉक्टरांचा प्रश्न आणि मामांचं उत्तर. मधे थांबले नाही. शेवटी म्हटलं, "त्यांनी माझ्यासाठी तुमचं सगळ्यांचं हसणं सोसलं. का, ते मला कधी सांगितलं नाही."

जाधवांनी कप बाजूला ठेवला.

"मला ठाऊक आहे," आत्या म्हणाल्या.

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्याकडं सगळ्यांच्या माना वळल्या.

"तासगावला जावळाचं बकरं होतं. कोंबडी आपल्या घरात झाली होती. आणि ताटांतली हाडं कचऱ्यात दिसली नाहीत, तर ती कुठं गेली हे घरातल्या बाईला कळत नाही होय?"

"म्हणजे तुम्हाला तेव्हापासून..." मी म्हटलं.

"रविवारची ताटं कुणी घासली, हे त्यांनी त्या सकाळीच मला हळूच विचारून घेतलं होतं. नंतर मी बोलले की त्यांना. म्हटलं, सुनेला पाठीशी घालायचं तर घाला, पण स्वतःची अब्रू कशाला घालवता? तर मला आत बोलावून दार लावून घेतलं. तेव्हा मला कळलं की महिन्याभरापूर्वी मिरजेच्या डॉक्टरांनी त्यांना हृदयाचं सांगितलं होतं. सुहासला कळू द्यायचं नव्हतं त्यांना." आत्यांनी पदरानं तोंड पुसलं. "म्हणाले, माझ्यामागं बिजलीला कोण आहे, सांग. सुहास दिवसभर कारखान्यात. तुला खाली बसता येत नाही. या घरात एकटी ती पोरगी आपणहून तिच्याजवळ गेली, तीसुद्धा भीत भीत. आज चारचौघांत तिला बोल लागला, तर ती परत कुठल्या कुत्र्याजवळ जायची नाही. या घरातही तिचा जीव रमायचा नाही. माझं काय, माझी नोकरी होऊन गेली."

सुहास उठून माझ्याजवळ येऊन उभा राहिला. जाधवांनी चष्मा काढला आणि तो पुसत राहिले. "भीमरावानं आम्हालासुद्धा फसवलं," ते म्हणाले.

मला अडीच वर्षं वाटत होतं की त्या घरात माझं गुपित एकट्या मामांकडं आहे. ते दोघांनी मिळून जपलं होतं. वेगळी पातेली ठेवणाऱ्या या बाईनं, नवऱ्यावर गावानं हसावं हे मुकाट बघितलं होतं, आणि मला एकदाही, रागाच्या भरातसुद्धा, तो प्रसंग बोलून दाखवला नव्हता.

मी आत्यांच्या पाया पडायला वाकले. त्यांनी मला खांद्याला धरून मधेच थांबवलं.

"ते राहू दे," त्या म्हणाल्या. "माणसांच्या गडबडीत त्या कुत्रीला कुणी जेवायला घातलेलं नाही. आधी तिचं बघ."

मी भात कालवला आणि मागच्या दारानं बाहेर गेले.